सायरन

शब्दांचें दैव माणसांच्या दैवाइतकेंच विचित्र असतें. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यांत सायरन म्हणजे बेटावर बसून गाणाऱ्या मायाविनी. त्यांच्या गाण्यानें भुललेले खलाशी प्राणांस मुकत. म्हणून ओडिसियसनें सोबत्यांच्या कानांत मेण घातलें. स्वतःस मात्र डोलकाठीशीं बांधवून घेऊन तें गाणें ऐकलें.

पुढें १८१९ सालीं कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें छिद्रांची तबकडी हवेच्या झोतावर फिरवून नाद काढणारें यंत्र केलें. तें पाण्यांतहि वाजे, म्हणून त्यास त्यानें या जलमोहिनींचें नांव दिलें. प्राणिशास्त्रज्ञांनीं तर निरुपद्रवी समुद्रगाईंच्या गणास ‘सायरेनिया’ म्हटलें! यंत्राचा मात्र भोंगा झाला, आणि १९७१ च्या युद्धांत तो वाजतांच मुंबईंत घरोघरचे दिवे मालवूं लागले.

शब्द तोच राहिला. अर्थ पुरता उलटला. जुनी सायरन मधुर स्वरानें मृत्यूकडे ओढीत असे. नवी कर्कश स्वरानें मृत्यूपासून दूर हाकलते. परंतु मनुष्याचे कान जुनेच आहेत. कर्कश तें नकोसें, एवढेंच ते जाणतात. रुग्णवाहिकेचा सायरन मागून आक्रोशत असतां मोटारीच्या कांचा वर करून स्वस्थ बसणारा सद्गृहस्थ कानांत मेणच घालीत असतो. ओडिसियसच्या सोबत्यांनीं मेणानें आपले प्राण वांचविले. याच्या मेणानें प्राण जातो तो मात्र दुसऱ्याचा.