अंदाज आणि पेशगोई

सातवीच्या वर्गात भरती-ओहोटी शिकवताना आम्ही पुस्तक बाजूला ठेवतो. आमच्या उर्दू शाळेतली निम्मी मुले बंदरालगतच्या मोहल्ल्यातून येतात. त्यांना आकृतीपेक्षा घरातला हिशेब लवकर कळतो. चाँदच्या तारखेत एक मिळवा, की साधारण तिथी निघते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चाँदची सात म्हणजे अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती. मुले संध्याकाळी ताडून पाहतात आणि थोड्याफार फरकाने हिशेब जुळतो.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने हात वर केला. "सर, भरती सांगता, तर मग म्हावरा कधी लागणार तेही सांगा की!" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण त्याच आठवड्यात घरी जे घडले, त्याने तो प्रश्न आमच्या मनात रुतून बसला.

आमच्या अब्बांनी चाळीस वर्षे होडी चालवली. आता ती धाकटा भाऊ चालवतो. बी.एड. होऊन मास्तरकीत शिरलेले घरात आम्ही पहिलेच. त्यामुळे सरकारी कागद वाचण्याचे काम आपसूक आमच्याकडे आले. हैदराबादला 'इन्कॉइस' नावाची सरकारी संस्था आहे, 1999 साली स्थापन झालेली. मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, याची सूचना ती किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना देते. बंदरापासून दिशा कोणती, अंतर किती, पाण्याची खोली किती, हे त्यात असते. सूचना मराठीत येते. भाऊ उर्दू शाळेत शिकलेला. त्याची मराठी बोलण्यात पक्की, वाचण्यात अडखळणारी. म्हणून रात्री जेवण झाल्यावर ती सूचना आम्ही त्याला वाचून दाखवत असू.

ऑक्टोबरातल्या त्या रात्री आम्ही वाचले आणि सांगितले, "अमुक दिशेला, इतक्या अंतरावर मासळी आहे." भाऊ पहाटे फजरच्या आधी निघाला. नेहमीपेक्षा दुप्पट लांब गेला. संध्याकाळी परतला तेव्हा होडीत जेमतेम दोन टोपल्या बांगडा होता. डिझेलचेही पैसे निघाले नाहीत. खलाशांच्या वाट्याला काहीच आले नाही. त्यातल्या एकाच्या घरी मुलगी आजारी होती, हे आम्हाला नंतर कळले.

दोन दिवस अब्बा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "मास्तर, डिझेलचे पैसे उपग्रह देणार की तुम्ही?"

आम्ही ती सूचना पुन्हा काढून वाचली. वर स्पष्ट लिहिले होते, 'संभाव्य मत्स्यक्षेत्र'. 'संभाव्य' हा शब्द आम्ही वाचताना गाळला होता. एक शब्द गाळला म्हणून पोरांचे गुण कापणारे आम्ही, आणि आमच्या गाळलेल्या एका शब्दापायी चार घरांची चूल थंड राहिली.

त्यानंतर हा विषय आम्ही नीट समजून घेतला. उपग्रहाला मासा दिसतच नाही. त्याला कळते पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग. रंगावरून पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचे हरितद्रव्य किती, हे काढतात. गार आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडते, तिथे हे खाद्य साचते. ते खायला बारीक जीव येतात आणि त्यांच्या मागे मासा येतो. म्हणजे उपग्रह दस्तरखान मांडलेला पाहतो. मेहमान आले की नाही, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय ढग आले की त्याची ही नजर झाकली जाते. वारा फिरला, प्रवाह वळला, की दस्तरखानच दुसरीकडे सरकतो.

ही झाली उद्याची गोष्ट. भावाचा प्रश्न याहून मोठा होता. त्याला कर्ज काढून नवे इंजिन घ्यायचे होते. "भाई, पुढच्या वर्षी तारली-बांगडा येईल ना?"

याचे उत्तर शोधताना आम्ही केरळपर्यंत पोचलो. तारलीचे खरे घर ते. नैर्ऋत्य मोसमी वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलतात, खालचे गार, पोषक पाणी वर येते आणि त्यावर तारलीची पिल्ले वाढतात. वारा कमी पडला तर खाद्य कमी. वारा फार झाला तर पिल्ले दूर वाहून जातात, शिवाय खालचे प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याजवळ चढते. तारली वर्षभरात अंड्यावर येते आणि तिचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. त्यामुळे एक पावसाळा बिघडला की पुढच्या हंगामात जाळी रिकामी. केरळात 2012 साली जवळपास 4 लाख टन तारली मिळाली होती. 2021 साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लाखाच्या घरात आली. यात पिल्ले उपसणाऱ्या जाळ्यांचाही हात आहे. सगळा दोष वाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात 2019 साली 45 वर्षांतली सर्वांत कमी मासळी मिळाली, सुमारे 2 लाख टन. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही वादळे लागोपाठ आली आणि हंगामाचे कितीतरी दिवस होड्या बंदरातच राहिल्या.

हे सारे आम्ही अब्बांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. त्यांचेही एक शास्त्र आहे. भरतीसाठी ते चाँद पाहतात, पण पावसासाठी मृग आणि हस्त मोजतात. हिजरी महिने दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतात, त्यावर पाऊस मोजता येत नाही, हे आमच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक नाखव्याला ठाऊक असते. रात्री पाण्यात उठणारी चमक, पाखरांचे थवे, पाण्याचा रंग, यावरून ते मासळी ओळखत. पण आता तेच म्हणतात, "नक्षत्र तेच आहे, पाणी ते राहिले नाही."

शास्त्रज्ञांचीही अडचण हीच. कॅलिफोर्नियात सार्डिन किती पकडावे, हे ठरवताना एका धक्क्यावरच्या पाण्याचे तापमान धरत असत. 2010 साली नव्या आकड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा तो संबंध टिकला नाही. कालच्या समुद्रावरून बांधलेला नियम तापलेल्या समुद्राला लागू पडेलच असे नाही. भरतीचा हिशेब चुकत नाही, कारण चंद्र आपली वाट बदलत नाही. माशाच्या हिशेबात वारा आहे, ऊन आहे, भूक आहे आणि माणूसही आहे.

उर्दूत दोन शब्द आहेत, पेशगोई आणि अंदाज. पेशगोई म्हणजे उद्या काय घडणार ते छातीठोक सांगणे; ते आपले काम नव्हे, गैबचे ज्ञान अल्लाहला. अंदाज मात्र मराठीनेही आपला करून घेतला आहे. अंदाज बांधणाऱ्याने तो किती कच्चा, किती पक्का, हेही सांगितले पाहिजे. आम्ही अंदाजाची पेशगोई करून टाकली होती.

भावाने नवे इंजिन घेतले नाही, जुनेच दुरुस्त केले. घ्यायला हवे होते की नाही, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. 2023 साली सरकारने 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, तो तक्ता आम्ही त्याला उर्दूत उतरवून दिला. अब्बांनी तो पाहिला आणि म्हणाले, "एवढे मात्र आपल्या हातात आहे."

सूचना आता मोहल्ल्यातली सातवीची मुलेच वाचतात. मराठीतून वाचतात, उर्दूत लिहितात आणि बापाला ऐकवतात. 'संभाव्य'साठी 'मुमकिन' लिहिले नाही, तर वही परत मिळते.