दोन फ्रेम अलीकडे

दोन फ्रेम! फक्त दोन फ्रेम कट अलीकडे सरकवला आणि स्मिता पाटीलची नजर ढोलकीच्या थापेवर अशी चपखल येऊन बसली की अंगावर काटाच आला. सिनेमाचा एक सेकंद म्हणजे 24 फ्रेम. म्हणजे सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात एवढी जादू!

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी आवृत्ती मी डाउनलोड केली ती एकाच हट्टापायी. ‘जैत रे जैत’मधली चिंधी, ‘मंथन’मधली बिंदू, ‘उंबरठा’मधली सुलभा आणि ‘मिर्च मसाला’मधली सोनबाई स्मिताने साकारलेल्या या चौघींना एका गाण्यात आणायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणासाठी नाही, निव्वळ स्मिताच्या प्रेमापोटी. या वेडाला परंपरा आहे बरं का! 1975 साली अमेरिकेत कँडी फाँग या चाहतीने ‘स्टार ट्रेक’च्या स्लाइड्स गाण्यावर लावून दाखवल्या होत्या. पुढे कितीतरी जणी दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून असे व्हिडिओ करत राहिल्या. आणि माझ्यापुढे तर सगळंच हजर! गाणं चालू असताना एम दाबत जायचं, प्रत्येक थापेवर खूण पडत जाते. के दाबून धरून एल टिचकवलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं.

आणि एकेक फ्रेम पाहताना काय काय दिसतं! वॉल्टर मर्च या संपादकाला ‘द कॉन्व्हर्सेशन’चं संकलन करताना जाणवलं होतं की, जिथे कट द्यावासा वाटतो तिथेच बहुतेक वेळा जीन हॅकमनची पापणी लवते. हे वाचल्यापासून मी स्मिताच्या पापण्यांच्याच मागे लागले आहे. विचार संपतो, पापणी मिटते, तिथे कापायचं. इतकी वर्षं मी हे सिनेमे पारायणं केल्यासारखे पाहिले, पण ओठ हलण्याआधी तिचे डोळे बोलून मोकळे होतात हे मला टाइमलाइनवरच कळलं.

मग कुलेशॉव्हचा प्रयोग केल्यावाचून कसं राहवेल? शंभरेक वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने एकच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडला. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला भाव वेगळा दिसे. मी सोनबाईची रोखलेली नजर घेतली. तिच्यापुढे ‘जैत रे जैत’मधला लिंगोबाचा डोंगर लावला, तर आव्हान! घराबाहेर पडणारी सुलभा लावली, तर तीच नजर निरोप देणारी. एक फ्रेमही बदललेली नाही!

त्यात जे-कट सापडला. पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी येऊ द्यायचा, चित्र मागून. बिंदूच्या चेहऱ्यावर चिंधीच्या डोंगरातला वारा सोडला आणि दोन सिनेमांमधली भिंतच गळून पडली. मला विचाराल तर भरमसाट ट्रान्झिशन्स शिकण्यापेक्षा हा एक कट आधी शिकावा.

आता रंगांच्या पानावर आले आहे. ‘भूमिका’मधला कृष्णधवल भूतकाळ मला ‘मिर्च मसाला’च्या लाल तिखटाला नेऊन भिडवायचा आहे. सगळा रंग काढून फक्त लाल तेवढा ठेवता येतो म्हणे. मी रंग निवडून वेगळा करणारा क्वालिफायर उघडलाय, ड्रॉपर लाल रंगावर ठेवलाय. आज जेवण उशिरा होणार!