तापलेल्या गाडीचे झाकण

चैत्र-वैशाखात माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पोळलेल्या हातांचे मनातल्या मनात मी दोन गट करतो. एक चुलीचा, दुसरा रेडिएटरचा. चुलीपासून मुलांना दूर ठेवायचे हे प्रत्येक घराला ठाऊक असते. रेडिएटरच्या झाकणाची भीती मात्र घरात कोणी शिकवीत नाही. म्हणून, वाचकहो, आज औषधांऐवजी थोडे गाडीविषयी बोलू.

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. शहापूरकडून निघालो की कसारा घाट, मुरबाडकडून निघालो की माळशेज. येथे जुनी गाडी कोणी हौस म्हणून बाळगीत नाही. तीच जीप सकाळी भाजी नेते, दुपारी प्रवासी, लग्नसराईत वऱ्हाड आणि अडीनडीला रात्री बाळंतीणसुद्धा. माझी स्वतःची मारुती 800 वीस वर्षे ओलांडून गेली आहे. तिची किरकोळ दुरुस्ती मी घरीच करतो आणि त्यात मला आनंदही वाटतो. तेव्हा गाडीला हात लावू नका, असे मी तुम्हांला सांगणार नाही. केव्हा लावू नका, एवढेच सांगणार आहे.

इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था आपल्या शरीरासारखीच असते. रक्त जसे आतली उष्णता त्वचेपर्यंत आणते, तसे पंपाने फिरवलेले पाणी इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत आणते. पाणी केव्हा फिरू द्यायचे हे थर्मोस्टॅट ठरवतो. फरक एकच, पण तो मोठा आहे. आपली त्वचा उघडी असते, घाम हवेत उडून जातो. गाडीतले पाणी मात्र बंदिस्त आणि दाबाखाली असते. रेडिएटरचे झाकण हा दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी 100 अंशांना न उकळता सुमारे 120 अंशांपर्यंत द्रवरूपच राहू शकते. झाकण फिरवताक्षणी दाब उतरतो, त्या पाण्यातील काही भागाची तत्काळ वाफ होते आणि ती उरलेले पाणी घेऊन उसळते. वाकून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा, गळा आणि हात नेमके तिच्या वाटेत असतात. 60 अंशांच्या पाण्याने प्रौढाची कातडी पाच-सहा सेकंदांत खोलवर पोळते. येथे तर प्रश्न त्याच्या दुप्पट तापमानाचा आहे.

टोकावड्याच्या पुढे गाडी तापली म्हणून थांबलेला एक तरुण चालक माझ्याकडे आणला गेला होता. झाकणावर ओला टॉवेल धरला होता, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण टॉवेल हाताला झाकणाच्या चटक्यापासून वाचवतो, उसळणाऱ्या पाण्यापासून नाही. गाडीत माणसे खोळंबली होती, मुले रडत होती, कोणीतरी "अहो, किती वेळ?" असे विचारत होते. उजवा हात कोपरापर्यंत सोलवटला. सहा आठवडे गाडी दारात उभी राहिली आणि कर्जाचे हप्ते चालूच राहिले. त्याला पोळले ते घाईने. म्हणून ही विनंती चालकांइतकीच मागे बसणाऱ्यांनाही आहे: गाडी तापली असता चालकाला घाई करू नका.

काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करा, हीटर असल्यास पूर्ण सुरू करा आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. वाफ दिसत असेतो बोनेटही उघडू नका. पुढचा अर्धा-पाऊण तास सावलीत बसा. वरची जाड नळी हाताला गार लागेपर्यंत झाकणाला स्पर्श नको. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्यापासून बोटे जपा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

इतके करूनही कोणाला पोळलेच, तर गाडीसाठी आणलेले स्वच्छ पाणी आधी माणसासाठी वापरा. भातसा आणि तानसा उशाशी असूनही आपल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नळ नसेल तर तांब्याने ओता, पण पोळलेल्या जागेवर वीस मिनिटे पाण्याची धार राहू द्या. अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा. हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. चेहरा, डोळे, हाताचा पंजा किंवा लहान मूल असेल तर 108 ला फोन करा अथवा थेट रुग्णालय गाठा.

दुसरा धोका वाफेइतका दिसत नाही. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. रंग आकर्षक, चव गोडसर. उरलेले कूलंट सरबताच्या बाटलीत भरून फळीवर ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. साधारण 100 मिलीलीटर, कधी त्याहूनही कमी, प्रौढाचा जीव घेऊ शकते. मुलाला काही घोटही पुरेसे. पहिल्या काही तासांत दारू प्यायल्यासारखी गुंगी येते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. याच कुळातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्णांचा बळी घेतला. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये ते मिसळले गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. कूलंट पोटात गेल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवू नका, डबा सोबत घ्या आणि निघा. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळावा लागतो. गाडीतून काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नका, कुत्री ते चाटतात.

मग घरी काय करावे? गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी नळ्या दाबून पाहा. चिरलेली, फुगलेली किंवा लिबलिबीत नळी बदला, सैल क्लिप आवळा, रेडिएटरच्या जाळीतला पाला नि धूळ पाण्याच्या हलक्या धारेने काढा. बोअरच्या जड पाण्याने आत थर साचतो, म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. इंजिन ऑइल दुधाळ दिसले किंवा मागून पांढरा धूर सतत येऊ लागला, तर गाडी मेकॅनिककडे न्या.

शेवटी, रोज तांब्याभर पाणी ओतून गाडी चालवणे हा उपाय नव्हे. ताप आला की गोळी घ्यायची आणि कारण शोधायचेच नाही, असे करणारे रुग्ण मला रोज भेटतात. पाणी कमी होते, याचा अर्थ ते कोठेतरी जाते आहे. पावसाळ्याआधी एका रविवारी, इंजिन गार असताना, ते कोठे जाते हे शोधा. मुलांना जवळ बसवा, नळ्या दाखवा आणि झाकणाविषयी चार शब्द सांगा.