जुन्या संगणकांतील नळदुर्ग

आमच्या घरीं एका कोनाड्यांत २००३ सालचा संगणक धूळ खात पडला होता. आमचे वडील मूळचे नळदुर्गचे. त्यांनीं तोंडीं सांगितलेलें किल्ल्याचें वर्णन आम्हीं त्या वर्षीं त्यावर उतरविलें व त्याचें एक लहानसें संकेतस्थळ केलें. पुढें फुकट जागा देणारी ती सेवा बंद पडली. वडीलही प्रभूकडे गेले.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं तें यंत्र उघडलें. घड्याळाचा वाटोळा सेल तेवढा बदलावा लागला. परंतु मजकूर मोबाइलवर वाचूं गेलों, तों सारी इंग्रजी अक्षरांची खिचडी! त्या काळीं आम्ही 'शिवाजी' नांवाचा टंक वापरीत असूं. त्यांत आंत सांठत तीं रोमन अक्षरेंच. देवनागरी हा केवळ वरचा पोशाख. युनिकोडांत मात्र आपल्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. शिवाय पहिली वेलांटी जुन्या टंकांत व्यंजनाच्या आधीं येई, आतां ती नंतर लिहावी लागते. रूपांतराचें साधन मिळालें खरें, पण जोडाक्षरांपाशीं तें अडखळे. तेव्हां आम्ही ओळ न् ओळ हातानें तपासूं लागलों.

तपासतां तपासतां एक गोष्ट बोचली. शिक्षकी संवयीनें आम्हीं वडिलांची बोली तेव्हां पार 'शुद्ध' करून टाकली होती. बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटांत, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं बांधलेल्या पाणीमहालाविषयींचें एकच वाक्य आमच्या हातून निसटलें होतें: "पानी वरनं जातंय, आन् मानूस आत कोरडा."

त्यांतील 'पानी' आम्हीं तसेंच ठेविलें.