अर्धा ग्लास ठेवून उठता येतं का?

आधीच सांगतो, ही पोस्ट दारूच्या बाजूने नाही आणि दारूबंदीच्या बाजूनेही नाही. पूर्ण वाचा, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

वीस वर्षं रत्नागिरीत बातमीदारी करतोय. 'गावठी दारूच्या भट्टीवर छापा, इतके लिटर रसायन नष्ट' ही बातमी किती वेळा लिहिली त्याची गणती नाही. प्रेसनोट येते, गावाचं नाव आणि लिटरचा आकडा बदलायचा, बातमी तयार. हे 'रसायन' म्हणजे नक्की काय, असं ना कधी वाचकाने विचारलं, ना मी सांगितलं. कुजका गूळ, नवसागर आणि हाताला लागेल ते. माणसं तेच पितात.

दुसरी एक बातमीही मीच लिहिली होती. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची. 'अल्पशा आजाराने निधन' असं छापलं. आजार अल्प नव्हता, अकरा वर्षांचा होता. लिव्हर गेलं होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं, तरी तसंच छापलं. आपल्याकडे दारूने कोणी मरतच नाही, सगळे अल्पशा आजाराने जातात.

दादाचं पिणं मी पाहिलंय. संध्याकाळी ऑफिस सुटलं की दुकानाच्या कडेला, रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचा. क्वार्टर, प्लास्टिकचा ग्लास, जेमतेम पाणी. दोन घोटांत संपलं. वर शेंगदाणे, मग बडीशेप, मग घर. तो चवीबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. चवीसाठी तो पीतच नव्हता.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण, मागच्या महिन्यात कामासाठी पुण्याला गेलो होतो. दादाचा मुलगा तिथे नोकरी करतो. सव्वीस वर्षांचा आहे. संध्याकाळी म्हणाला, "काका, आज माझ्याकडून. चला, बिअर प्यायला नेतो तुम्हाला."

माझ्या पोटात गोळा आला. मी पितो, महिन्या-दोन महिन्यांतून एखादी बिअर. खोटं कशाला बोलू? पण ह्या पोराच्या तोंडून 'बिअर' शब्द ऐकला आणि समोर दादाच उभा राहिला. नाही म्हणणार होतो. मग वाटलं, जाऊन बघू तरी. तो पितो कसा, हे मला बघायचं होतं.

रिक्षाने गेलो. जागा मायक्रोब्रुअरी होती. म्हणजे जिथे बिअर तिथेच बनवतात आणि तिथेच विकतात. काचेपलीकडे स्टीलच्या मोठ्या टाक्या. महाराष्ट्रात हा प्रकार पुण्यातच २००९ साली 'डूलाली'ने पहिल्यांदा सुरू केला, मग मुंबईत पसरला. आत उजेड होता. बायका होत्या, एक आजी-आजोबाही होते. आपल्या परमिट रूमच्या पडद्याची आणि झिरोच्या बल्बची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा तो उजेडच खटकतो.

वेटरने लाकडी ट्रेमध्ये चार छोटे ग्लास आणले. चार प्रकार थोडे थोडे चाखायचे आणि आवडेल तो एक मागवायचा. आधी हलकी, शेवटी काळी. आधीच कडक घेतली तर नंतरच्या हलकीची चव कळत नाही. पुतण्या सांगत होता, मी ऐकत होतो. उलटंच झालं होतं सगळं.

पहिली गव्हाची. नाकाजवळ नेली तर केळ्याचा आणि लवंगेचा वास. म्हटलं, एसेन्स घातलाय. तो हसला. "नाही काका, तो यीस्टचा वास आहे. जव आणि गहू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात त्याची गोडी उतरवायची, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, मग आंबायला ठेवायचं. आंबवणारा जीव कुठला, त्यावर वास ठरतो." आपल्या घरात आंबोळीचं पीठ रोज आंबतं. आजच्या पिठाला कालच्यासारखी चव का नाही, हे आपल्या आईला कळायचं. हे त्यातलंच शास्त्र.

ग्लासचंही तसंच. गव्हाच्या बिअरचा ग्लास उंच, खाली अरुंद आणि वर रुंद, म्हणजे फेसाला जागा मिळते. वासाच्या बिअरला वर किंचित आत वळलेला, ट्यूलिपच्या फुलासारखा, म्हणजे वास ग्लासातच राहतो. फार थंडगार घेतली तर वास येतच नाही. आपण बिअर बर्फासारखी मागतो, कारण ती चव आपल्याला नकोच असते. आणखी एक गोष्ट. ग्लासला तेलकटपणा असेल तर फेस धरत नाही. सुरमईच्या तव्याच्याच घासणीने ग्लास घासणाऱ्या आम्हा रत्नागिरीकरांचा फेस आजवर का बसत होता, ते त्या दिवशी कळलं.

तिसरा ग्लास लालसर होता. फळ्यावर नाव होतं कोकमाचं. जर्मनीत गोसलार नावाचं गाव आहे, तिथली एक जुनी आंबट बिअर 'गोझं', तिच्यात मीठ आणि धने घालतात. इथे त्यात कोकम घातलं होतं. आंबट, खारट, मागून धन्याचा वास. मी एक घोट घेतला आणि गप्प बसलो. आमच्या परसातल्या रातांब्याची चव होती ती. पुण्यातली पोरं चारशेच्या आसपास रुपये मोजून ती पीत होती.

चौथी काळी, स्टाऊट. भाजलेल्या धान्याची, कॉफीसारखा कडवट वास. पुतण्याने नंतर तीच मोठ्या ग्लासात मागवली. अर्धी प्यायला. म्हणाला, "आज नाही आवडली," आणि ग्लास बाजूला सरकवून बिल मागवलं. मी त्या वेळी काही बोललो नाही.

परत येताना, आंबा घाट उतरताना, डोक्यात तेच चालू होतं.

आपल्याकडे पिण्याचं काय करून ठेवलंय? १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्याच कायद्याखाली दारू विकायला परवाने मिळतात. प्यायला परमिट लागतं, ते बहुतेकांकडे नसतं. म्हणून पिणारा पहिल्या घोटापासून चोर. चोराला घाई असते. घाईत माणूस कडक आणि स्वस्त मागतो. कुठल्याही दुकानात उभं राहा, 'स्ट्राँग दे' हेच ऐकू येतं.

आणि आपल्याकडे फळ काय नाही? रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला जीआय आहे, हापूसला २०१८ पासून आहे. काजूचं बघा. बी आपण विकतो. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचा बोंडू बागेत पडून कुजतो, मार्च-एप्रिलमध्ये बागेतून चाला, वास येतो. शेजारी गोव्यात त्याच बोंडवाच्या रसाची एकदा ऊर्ध्वपातन केली की हुर्राक आणि पुन्हा केली की फेणी. हुर्राक फक्त हंगामात मिळते, लोक वर्षभर तिची वाट बघतात. फेणीला २००९ साली जीआय मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. सीमेच्या अलीकडे तेच केलं तर मी 'भट्टीवर छापा' अशी बातमी लिहितो.

२०२२ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडू आणि मोहफुलांपासूनच्या स्थानिक मद्याचा दर्जा वाढवायचं ठरवलं. दर्जा कुठला, तर 'विदेशी मद्य'! आपल्या बागेतल्या बोंडवाला मान मिळायचा तर आधी त्याने परदेशी व्हायचं. नाशिकच्या द्राक्षाला वायनऱ्या मिळाल्या, कोकणातल्या बागायतदाराच्या हातात काय पडलं?

इथवर लिहून मी खूश होतो. पोस्ट इथेच संपवणार होतो. पण वहिनीला न सांगता हे टाकणं बरोबर वाटलं नाही.

रविवारी गेलो. सगळं सांगितलं. तिच्या मुलाबरोबर कुठे गेलो, काय प्यायलो, कोकमाची चव, सगळं. ती आमसुलं वाळत घालत होती. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "भावजी, तुमचा ग्लास गोल की उभा, त्याचं मला काय? हे पण पहिल्यांदा चांगल्या ग्लासातूनच प्यायले होते. साहेबांच्या पार्टीत."

मला उत्तर सुचलं नाही. मग तिनेच विचारलं, "एवढंच सांगा. ग्लासात उरलेली टाकून उठता येतं का त्याला?"

मी म्हटलं, "उठला, वहिनी. अर्धा ग्लास ठेवून उठला. मी बघितलं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यांनी कधी थेंब ठेवला नाही."

मंडळी, मला वाटतं कुठलंही दारू धोरण ह्या प्रश्नावर तपासावं. चव शिकवल्याने व्यसन जातं, असा दावा मी करणार नाही. चवीने पिणारेही व्यसनी होतात, आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी पहिला ग्लासच जास्त आहे. त्याला मायक्रोब्रुअरीची नाही, उपचाराची गरज आहे. आपल्या जिल्ह्यात तो सहज आणि लाज न वाटता मिळायला हवा.

पण लपवून, घाईने, कशापासून बनलंय ते न कळता पिणं, यातून आपण कोणाला वाचवलं? दादाला तर नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बोंडू आणि कोकमाला परवाना द्यायचाच असेल तर छोट्या बागायतदाराला आणि बचत गटाला परवडेल असा द्या. माल तपासूनच बाहेर पडू द्या. त्यातून येणाऱ्या महसुलाचा ठरलेला वाटा ह्याच जिल्ह्यातल्या व्यसनमुक्तीला द्या. आणि पंचवीस टक्के बायकांनी निवेदन दिलं की 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान घ्यायची जी तरतूद आहे, तिला हात लावू नका. दुकान गावात राहणार की नाही, हे ठरवायचा पहिला हक्क वहिनीसारख्यांचा आहे.

राहता राहिली माझी गोष्ट. पुढच्या वेळी भट्टीच्या छाप्याची प्रेसनोट आली की 'रसायन' कशाचं होतं, ते विचारून लिहीन. आणि माझ्या भावाचं निधन दारूने झालं. सहा वर्षं उशीर झाला, पण आज दुरुस्ती छापतोय.