शिंपल्यांचा तट

कास्तिल्यो दे सान मार्कोस या किल्ल्याच्या तटाजवळ गेले आणि हात लावल्याशिवाय राहवेना. तीळगुळाच्या वडीत तीळ दिसावेत तसे दगडात नखाएवढे शिंपले खच्चून भरलेले. हाच कोकिना दगड, समोरच्या अनास्तासिया बेटावरचा. चुनासुद्धा शिंपले भाजूनच केलेला.

फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनचं रक्षण स्पॅनिशांनी आधी लाकडी कोटांवर सोपवलं होतं. १६६८ मध्ये चाच्यांनी गाव लुटलं, माणसं मारली, तेव्हा कुठे दगडी किल्ल्याचं मनावर घेतलं. १६७२ ला काम सुरू झालं, ते संपायला १६९५ उजाडलं. सिंधुदुर्ग नुकताच बांधून झाला होता, तो हा काळ.

१७०२ मध्ये कॅरोलायनाच्या इंग्रजांनी वेढा घातला. दीड हजारांच्या आसपास माणसं आत आली, गुरं कोरड्या खंदकात बांधली. गोळे आदळले, पण हा पोकळसर दगड फुटत नाही, दबतो. गोळा रुतून बसतो. हवानाहून मदत येईपर्यंत, पन्नासेक दिवस, तट उभा राहिला. गाव मात्र इंग्रजांनी जाताना जाळलं. १७४० च्या वेढ्यातही किल्ला पडला नाही.

लढून हा किल्ला कुणालाच घेता आला नाही, हे कौतुकानं सांगतात आणि ते खरंच आहे. पण माझा पाय अडला तो खोल्यांपाशी. १८२१ मध्ये फ्लोरिडा अमेरिकेकडे गेला आणि किल्ल्याचा तुरुंग झाला. तहाच्या बोलणीसाठी पांढरं निशाण घेऊन आलेल्या सेमिनोल नेत्याला, ओसिओलाला, १८३७ मध्ये धरून इथेच कोंडलं. १८७५ मध्ये मैदानी प्रदेशातले शायेन, काइओवा, कोमांची कैदी आणले. त्यांचे केस कापले, अंगावर लष्करी गणवेश चढवले. त्यांनी हिशेबाच्या वह्यांत चित्रं काढली. झोटोम या काइओवा तरुणाचं एक चित्र मी छापील पाहिलंय: तटावर ओळीनं उभे राहून समुद्राकडे पाहणारे कैदी. त्यांच्या मुलखात समुद्र नव्हता.

१८८६ मध्ये अपाची आले, पाचशेच्या आसपास, बायकामुलांसकट. खोल्या पुरेनात, म्हणून वर तोफांच्या जागेवर तंबू ठोकले. मी तिथे उभी होते. डोक्यावर ऊन आणि आडोसा म्हणून काहीच नाही. त्यांची मुलं पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत पाठवली गेली, आईबापांपासून तोडून. कित्येक तिथेच क्षयानं गेली.