आम्ही जंजिरा पाहिला

मैत्रिणींनो, किल्ल्याच्या पायथ्याशी पिशव्या सांभाळत बसलेली बाई तुम्ही पाहिलीच असेल. कदाचित ती तुम्हीच असाल. मी तर नक्कीच होते. देवगिरीला गेलो तेव्हा धाकटा कडेवर होता. "तू बस इथं, आम्ही चटकन वर जाऊन येतो," असं आमचे हे म्हणाले आणि ते 'चटकन' अडीच तास चाललं. पाच पिशव्या आणि एक झोपलेलं मूल घेऊन मी खाली बसले. इतिहास घेऊन बी. ए. झालेली मी, आणि अंधारी वाट कशी असते ते मुलांच्या तोंडून ऐकते आहे!

म्हणून २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मुरुड-जंजिऱ्याचं ठरलं, तेव्हाच मी मनाशी काही योजलं होतं. त्यात सासूबाई म्हणाल्या, "मी बी येस." वय ६८, गुडघे दुखरे. जन्म सगळा धुळ्यात गेलेला. पाणी म्हणजे पांझरेचं, तेही पावसाळ्यापुरतं. समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

धुळ्याहून रात्रीच्या एस.टी.नं मुंबई गाठली. गेटवेपासून मांडव्याला लाँचनं तासाभरात पोचता येतं आणि त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस मिळते. हा मार्ग पावसाळ्यात मात्र बंद असतो. गेटवेच्या कठड्याशी सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माय वो, इतलं पानी! आन् पेवाले एक थेंब नही?" त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि आमच्या नळाला कितीक दिवसांनी पाणी येत होतं. हसावं की काय करावं, मला समजेना.

अलिबागहून रेवदंडा, काशीद करत एस.टी. मुरुडला जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुपारीच्या वाड्या. मुरुड लहानसंच गाव आहे; कौलारू घरं, कोळीवाडा, आणि गावाबाहेर टेकाडावर नवाबाचा वाडा. तो खाजगी असल्यानं बाहेरूनच पाहायचा. जंजिरा हे सिद्दी नवाबांचं संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. पण खरा जंजिरा पाण्यात आहे, आणि त्यासाठी चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीच्या धक्क्यावर जावं लागतं.

तिथं शिडाच्या होड्या उभ्या होत्या. माणसं भरली की होडी सुटते, किल्ल्यावर पाऊण तास मिळतो, की परत. किल्ल्याच्या दाराशी होडी हेलकावे खात असताना पायरीवर पाय टाकून उतरावं लागतं, हे कळलं आणि आमचे हे लगेच म्हणाले, "आईला काही जमणार नाही. तू आणि आई इथंच थांबा. पिशव्याही आहेत."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदर सावरून धक्क्यावरच्या दगडावर बसायला निघाल्या. त्यांना ते सवयीचंच होतं की!

मी तासिका तत्त्वावर शिकवते. त्या पैशांतून मिक्सर घ्यायचा म्हणून थोडे बाजूला काढले होते, ते पर्समध्ये होते. मी सरळ एका नाखव्याला विचारलं, "अख्खी होडी ठरवली तर किती घ्याल? आणि किल्ल्यावर आम्हाला घाई नको." थोडी घासाघीस झाली. ह्यांनी "हा काय वेडेपणा" अशा नजरेनं पाहिलं. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. मिक्सर पुढं चार महिने लांबला.

शीड भरलं, होडी कलली आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी लाय पाटलाची कथा सांगितली. शिवाजी महाराजांच्या माणसांसाठी या कोळ्यानं रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची कुमक वेळेवर पोचली नाही. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असं तो म्हणाला, तेव्हा महाराजांनी त्याला 'पालखी' नावाचं गलबत बांधून दिलं, अशी कथा सांगतात. सासूबाई वारकरी. पालखी म्हटल्यावर जरा सैल झाल्या.

जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही. दाराशी नाखवा म्हणाला, "आजी, मी सांगेन तेव्हाच उठा." एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. भरलेल्या होडीत मागच्यांनी एव्हाना आरडाओरडा केला असता. चौथ्या लाटेला होडी वर आली, "चला!" झालं आणि सासूबाई पायरीवर होत्या. मी मात्र घसरले आणि पाचवारीचा काठ भिजला. (जाणार असाल तर पट्ट्याच्या चपला घाला.)

'जझीरा' म्हणजे अरबीत बेट, त्यावरून जंजिरा. आधी इथं कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. आताचा कोट सुमारे २२ एकरांचा, १९ बुरुजांचा. शिवाजी महाराजांनी बऱ्याच वेळा प्रयत्न केला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून वाट करायला घेतली, पण किल्ला मिळाला नाही. दारावर पंजांखाली हत्ती दाबून धरलेला वाघ कोरला आहे. आत वाड्यांचे पडके मजले आणि झाडोरा.

आणि मधोमध गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव! चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. सासूबाई काठावरच बसल्या. पाणी हिरवं झालं होतं, तरी त्यांनी बोटं बुडवून जिभेला लावलीच. "गोड शे," म्हणाल्या आणि तिथून उठायला तयार होईनात.

मुलांना कलालबांगडी तोफ पाहायची होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. पिशव्या होत्या, आई होती. ह्यांनी एक क्षण बुरुजाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पिशव्या ओढून घेतल्या. "जाऊन ये," म्हणाले.

तोफ लांबलचक आहे, उन्हानं तापलेली. बुरुजावरून महाराजांनी सिद्दीला शह द्यायला कांसा खडकावर बांधलेला पद्मदुर्ग दिसतो, मुरुडची किनारपट्टी दिसते. मी अजिबात घाई केली नाही. खाली तलावाकाठी माय-लेक दशम्यांचा डबा उघडून बसले होते.